राजदूत, येझदी की बुलेट?



नारायणगावच्या बाजारातून जुनी फटफटी गेली, की आजही माना वळतात.
मंचरच्या चौकातही तेच.
मग कुणाच्या तरी मनात येतं… आपणही एक घ्यावी.

पण कोणती?

राजदूत म्हणजे दूधवाल्यांची गाडी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे, आणि निघायचं. ती टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं.

येझदी म्हैसूरची. तीही टू-स्ट्रोक. तिची गंमत न्यारी. किक आणि गियर, दोन्हींचा दांडा एकच! मागे फिरवला की किक… पुढे आणला की गियर. तिचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे अस्सल सुटे भाग शोधावे लागतात. हौस असेल, तरच या वाटेला जावं.

बुलेट फोर-स्ट्रोक. ती आजही बनते, म्हणून मिस्त्री सहज मिळतो. मात्र जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला, आणि ब्रेक डाव्या. भीमाशंकरच्या वळणांवर नेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर सराव हवाच.

गाडी कोणतीही असो… आधी कागद, मग गाडी.

आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का? चासी नंबर बहुधा गंजाखाली दडलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरवावा, आणि तो स्वतः वाचावा. पुन्हा सांगायचं तर… आधी कागद.

आणि हो, किक मारण्याआधी इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागलं, तर विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवलीय. अशा वेळी चहा मागवावा… आणि इंजिन पुरतं गार होऊ द्यावं.