ग्रंथालयातील प्रश्नांची नोंद : एक दुर्लक्षित मापदंड

ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल उघडला की ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, देवघेव व नियतकालिके यांचे आकडे समोर येतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड हे वर्गही बव्हंशी अशाच आकड्यांच्या आधारे ठरत आले आहेत. मात्र कर्मचाऱ्यांनी वर्षभरात वाचकांच्या कोणत्या प्रश्नांची उत्तरे दिली, याचा रकाना अनेक अहवालांत आढळत नाही. जे काम मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. संदर्भ ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिक्त राहिले तरी अहवालातील एकही आकडा त्यामुळे कमी होत नाही.

संदर्भसेवेचा विचार आपल्या देशास नवा नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाच्या वेळेची बचत हे त्यांतील चौथे सूत्र होय. तत्काळ संदर्भसेवा आणि दीर्घकालीन संदर्भसेवा असा भेदही त्यांनी केला. प्रश्नांची नोंद ठेवताना नेमका हाच भेद उपयोगी पडतो.

जिल्हा ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. एक विद्यार्थी अभ्यासिका किती वाजता बंद होते असे विचारतो. दुसऱ्यास २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या तालुक्यातील स्त्री-साक्षरतेचे प्रमाण हवे असते. त्यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिका काढून योग्य तक्ता दाखवावा लागतो. तिसऱ्यास एखाद्या पाटबंधारे प्रकल्पाचा खर्च का व कसा वाढत गेला हे जाणून घ्यावयाचे असते. येथे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे, अंदाजपत्रकाची जुनी पुस्तके असा शोध दोन-दोन दिवस चालतो. नोंदवहीत मात्र तिन्हींसाठी एकेकच रेघ ओढली जाते!

हा दोष दूर करण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले. तेथे २००३ मध्ये बेला कार गर्लिच यांनी ‘रीड’ ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी विकसित केली. पहिल्या पायरीवर जागा वा वेळ सांगण्यासारखी किरकोळ उत्तरे येतात, तर सहाव्या पायरीवर दीर्घ संशोधनाची. या पट्टीत प्रश्नांच्या संख्येबरोबरच उत्तरासाठी लागलेले श्रम, ज्ञान व कौशल्य यांचीही नोंद होते. तिची गरज का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. तेथील संशोधन ग्रंथालयांत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संदर्भप्रश्नांची संख्या घटत गेली. सोपी उत्तरे वाचकांना संगणकावरच मिळू लागली व कठीण प्रश्न तेवढे ग्रंथपालाकडे उरले. केवळ संख्या पाहणाऱ्या प्रशासकास यात काम घटल्याचे दिसते. वास्तविक प्रत्येक प्रश्नामागील श्रम वाढलेले असू शकतात. पदकपातीचा निर्णय अशा अपुऱ्या आकड्यावर घेतला गेल्यास नुकसान वाचकाचेच होते.

प्रत्येक प्रश्नाची बारकाईने नोंद करणे दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या ग्रंथालयास झेपणारे नाही, हेही मान्य करावे लागेल. त्यावर नमुना आठवड्यांचा उपाय आहे. मात्र हे आठवडे वर्षभर विखुरलेले असावेत. स्पर्धा परीक्षेच्या तोंडावरचा एकच आठवडा निवडल्यास अभ्यासिकेतील गर्दीलाच वर्षाची सरासरी मानण्याची चूक घडेल.

या साऱ्यात सर्वाधिक मोलाची, आणि सहसा गाळली जाणारी, नोंद अनुत्तरित प्रश्नांची असते. कोणते पुस्तक नव्हते, कोणत्या भाषेतील साहित्य अपुरे पडले, कोणता शासकीय अहवाल संग्रहात नव्हता, हे त्यावरून कळते. ग्रंथखरेदी समितीपुढे विक्रेत्यांच्या याद्यांबरोबर ही यादीही असेल तर खरेदीची दिशा बदलू शकते. मराठीतून अर्थशास्त्राची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याची नड एरवी समितीच्या कानावर जाण्याचा मार्ग फारसा नसतो.

नोंदवहीत प्रश्न लिहावा, प्रश्नकर्त्याचे नाव लिहू नये. आजार, घटस्फोट, कर्जबाजारीपणा यांविषयीची माहिती शोधणारा वाचक आपले नाव कागदावर चढते आहे असे पाहताच प्रश्न न विचारता परत जाईल. प्रश्नाचा विषय, लागलेला वेळ, वापरलेले साधन आणि उत्तर मिळाले की नाही, एवढे चार रकाने या कामास पुरेसे आहेत.