निरोप पोहोचतो कुठे?

डोंबिवलीचा फडके रोड घ्या, ठाण्याचा गोखले रोड घ्या, नाहीतर आमच्या कल्याणचा शिवाजी चौक. सौंदर्यप्रसाधनांच्या कुठल्याही दुकानात डोकावलात तर आज एक नवीच भाषा कानावर पडते. पूर्वी हळद-चंदन, केशर, कोरफड असे शब्द असत. आता ‘ग्रोथ फॅक्टर’, ‘पेप्टाइड’, ‘ईजीएफ’. बाटली अंगठ्याएवढी आणि किंमत मात्र किराण्याच्या यादीशी स्पर्धा करणारी. मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शब्द वापरला की त्याचा अर्थ विचारायची खोड आहे, म्हणून या शब्दाच्या मागे लागलो.

निमित्त झाले आमच्या दूध नाक्याच्या शेजारचे. तिथल्या एका बाईंना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. तळपायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी ड्रेसिंगबरोबर ग्रोथ फॅक्टरची जेल लिहून दिली. ती महाग, म्हणून घरात दोन दिवस नुसता विचारविनिमय चालला. त्याच घरातली मुलगी ठाण्याला नोकरीला जाते. तिच्या पर्समधल्या सीरमवरही तेच नाव. तिने मला विचारले, ‘‘चाचा, अम्मीच्या पायाला लावतात ते आणि मी तोंडाला लावते ते एकच का हो?’’ प्रश्न साधा होता, उत्तर तितके साधे नव्हते.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे शरीरातल्या एका पेशीने दुसऱ्या पेशीला पाठवलेला निरोप. ‘वाढ, विभाग, इथे तुझी गरज आहे’, असा. हा निरोप प्रथिनाच्या रूपात असतो. अमेरिकेतल्या स्टॅन्ले कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे डोळे सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडले. त्या अर्कात त्वचेच्या पेशी वाढवणारे जे प्रथिन सापडले, तेच ईजीएफ. या शोधांसाठी कोहेन आणि त्यांच्या सहकारी रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत माणसाची त्वचा काचेच्या बशीत वाढवण्याचे तंत्र तयार झाले. त्यात याच ईजीएफचा उपयोग झाला. १९८३ साली अमेरिकेत जवळजवळ सर्वांगाने भाजलेल्या दोन लहानग्या भावांना अशी वाढवलेली त्वचा लावून वाचवण्यात आले. आज ही प्रथिने उंदरांपासून काढावी लागत नाहीत. माणसाचे जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बसवतात आणि तेच कारखान्यासारखे काम करतात. मधुमेहींचे इन्सुलिन १९८२ पासून असेच मिळते. आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेकने ईजीएफची जेल बाजारात आणली, ती भाजलेल्या आणि मधुमेहाच्या जखमांसाठी.

मग तेच प्रथिन चेहऱ्याला लावले तर काय बिघडले? इथे त्वचेचा उंबरठा आडवा येतो. आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. विटांसारख्या पेशी, आणि मधल्या फटींत चुन्यासारखी चरबी. बाहेरचे काही आत येऊ नये, हेच त्याचे काम. पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू धड त्वचेतून सहसा आत जात नाही, हा नियम त्वचातज्ज्ञ वापरतात. डाल्टन म्हणजे रेणूचे वजन मोजायचे माप. ईजीएफचे वजन आहे सहा हजारांच्या आसपास. जखमेत ही भिंतच पडलेली असते, म्हणून निरोप थेट जिवंत पेशींच्या हाती पडतो. धडधाकट गालावर त्याचा बराचसा भाग दारातच राहतो.

आणि निरोप पोहोचलाच, तर तो कुणाच्या हाती पडतो, हेही पाहावे लागते. मधुमेहाच्या जखमांसाठी बेकाप्लर्मिन नावाची अशीच एक जेल १९९७ साली अमेरिकेत मान्य झाली. फार नळ्या वापरलेल्या रुग्णांत कर्करोगाने मृत्यू वाढल्याची शंका आली, म्हणून २००८ साली तिच्यावर चौकटीत इशारा छापायला लावला. पुढे जास्त माहिती हाती आल्यावर तो इशारा काढलाही गेला. पण ‘वाढ’ म्हणणारी वस्तू जपून वापरायची असते, हे त्यातून कळते.

याचा अर्थ सीरम म्हणजे सगळी फसवणूक, असा नाही. हायलुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जिवाणूंकडून करून घेतात. ते वरवर राहूनही पाणी धरून ठेवते, त्वचा मऊ लागते. नायसिनामाइडचा रेणू तर अवघा १२२ डाल्टनचा. ट्रेटिनॉइन सुरकुत्यांवर खरोखर काम करते, पण ते डॉक्टरांना विचारूनच लावायचे आणि गरोदरपणात मुळीच नाही. आपला कायदा १९४० सालचा. त्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारे, रूप खुलवणारे. बरे करणारे ते औषध. बाटलीवरचा शब्द औषधाचा आणि परवाना प्रसाधनाचा असेल, तर गिऱ्हाइकाने दोनदा विचारावे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, नाव एक असले तरी अम्मीच्या पायाला दार उघडे आहे, तुझ्या गालाला नाही. जेल आधी आण. तीही एकटी पुरत नाही. साखर ताब्यात हवी, जखम साफ हवी, पायावर भार नको.

त्वचेची खरी किंमत आपल्या भागाला नवी नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसले की ऐरोली लागते. तिथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे आणि त्यांची त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ यांवरचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. भाजलेल्याच्या अंगावर ती कायमची राहत नाही, काही आठवड्यांत शरीर ती टाकून देते. पण तेवढ्यात जंतुसंसर्ग आणि वेदना कमी होतात, स्वतःची कातडी धरायला वेळ मिळतो. तिथे गोरी-काळी असा प्रश्न कुणी विचारत नाही.

तेव्हा श्रोतेहो, सीरम घ्यायचे त्यांनी जरूर घ्यावे, ऐपत पाहून आणि लेबल वाचून. मात्र घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री दिव्याच्या उजेडात त्यांचे तळवे पाहा. बोटांच्या बेचक्या पाहा. लहानशी चीर दिसली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)