संकेतस्थळाची मांडणी : आधी मोबाइल की आधी संगणक?

शासनाची माहिती ज्याच्यासाठी असते त्याच्या हाती ती विनासायास पडावी, हे लोकाभिमुख कारभाराचे पहिले लक्षण होय. पूर्वी हे काम गावची दवंडी आणि कचेरीबाहेरचा सूचनाफलक करीत असे. आज ते बऱ्याच अंशी संकेतस्थळाकडे आले आहे. फलक किती उंचीवर लावावा आणि त्यावरील अक्षर केवढे असावे, हा जसा साधा पण महत्त्वाचा प्रश्न होता, तसाच प्रश्न आता नव्या रूपात उभा आहे. संकेतस्थळाची रचना करताना आधी मेजावरील संगणक डोळ्यांपुढे ठेवावा, की नागरिकाच्या हातातील मोबाइल?

प्रश्नाची पार्श्वभूमी

संकेतस्थळे प्रथम निर्माण झाली ती मोठ्या पडद्यासाठी. मोबाइलवरून ती पाहिली जाऊ लागल्यावर अनेक संस्थांनी मोबाइलसाठी निराळे संकेतस्थळ काढले. त्यामुळे काम दुप्पट झाले आणि एका ठिकाणची माहिती ताजी, तर दुसऱ्या ठिकाणची शिळी, असे होऊ लागले. २००९ मध्ये ल्यूक रोब्लेव्स्की या अमेरिकन रचनाकाराने 'मोबाइल प्रथम' हा विचार मांडला. पुढच्याच वर्षी ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे एकच पान आपली मांडणी बदलील, अशी पद्धत सुचविली. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत जगभरातील मोबाइल व टॅबलेटवरील वापराने संगणकावरील वापरास प्रथमच मागे टाकले. गुगल या शोधयंत्रानेही संकेतस्थळांची नोंद घेताना त्यांचे मोबाइलवरील रूप प्रमाण मानण्याचा बदल २०२३ मध्ये पूर्ण केला.

दोन पद्धतींतील फरक

संगणक प्रथम या पद्धतीत रुंद पडद्यावर दोन-तीन रकान्यांत सर्व मजकूर मांडला जातो आणि लहान पडद्यासाठी त्यातील काही भाग मागाहून लपविला जातो. तथापि लपविलेला भाग पुष्कळदा मोबाइलवर उतरतोच. तो दिसत नाही, पण वेळ आणि डेटा मात्र खर्च होतो. मोबाइल प्रथम या पद्धतीत सुरुवात एका अरुंद रकान्यापासून होते. रचनाकाराच्या मापाने ही रुंदी सुमारे ३६० पिक्सेल भरते. पडदा जसा रुंदावेल तशी रकान्यांची व चित्रांची भर पडत जाते.

हा भेद केवळ तंत्राचा नाही. अरुंद रकान्यात सर्वच गोष्टी वरती येऊ शकत नाहीत. आधी काय आणि नंतर काय, हे ठरवावेच लागते. एखाद्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ घ्या. संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी सरकती छायाचित्रे, डावीकडे पदाधिकाऱ्यांची ओळख आणि उजवीकडे दाखल्यांचे अर्ज, अशी मांडणी शोभून दिसते. तेच पान मोबाइलवर उघडले की उजवीकडचा रकाना तळाशी जातो. जन्माचा दाखला हवा असलेल्या माणसाला सर्व छायाचित्रे ओलांडून खाली जावे लागते. मोबाइलपासून आरंभ केला असता, तर दाखले, करभरणा, ग्रामसभेची तारीख व विषय आणि कार्यालयाची वेळ याच गोष्टी आधी आल्या असत्या.

मराठी मजकुराची निगा

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर हवे. ते नसेल तर लहान पडद्यावर अक्षरे एकमेकांत अडकतात. शासन निर्णयाच्या कागदाचे केवळ छायाचित्र चढविल्यास मोबाइलवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवून वाचावी लागते. दृष्टिहीनांसाठी असलेल्या वाचनप्रणालीलाही असा मजकूर सहजी वाचता येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये दिला की दोन्ही अडचणी दूर होतात. अर्जात १, २, ३ असे देवनागरी अंकही स्वीकारले जावेत आणि मध्येच संपर्क तुटला तरी भरलेली माहिती जपली जावी.

संगणकाचे स्थान

याचा अर्थ संगणक गौण झाला असा नव्हे. अर्जांची छाननी करणारा लिपिक, वर्गातील सर्व विद्यार्थ्यांची माहिती भरणारे शिक्षक, अंदाजपत्रकाचे लांबरुंद तक्ते तपासणारा अधिकारी यांचे काम मोठ्या पडद्यावरच नेटके होते. अशा अंतर्गत कामाच्या प्रणालीत संगणक प्रथम हीच योग्य निवड ठरते. तात्पर्य, निवड फॅशन पाहून न करता काम कोण, कोठे बसून करणार हे पाहून करावी. नागरिकांच्या पानांना मोबाइल प्रथम, कार्यालयीन पानांना संगणक प्रथम, ही विभागणी व्यवहार्य आहे.

काम ताब्यात घेताना

केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. या तत्त्वांचे पालन झाले आहे की नाही, हे पाहण्याबरोबरच पंचायतीने एक साधी परीक्षा घ्यावी. सभागृहातील मोठ्या पडद्यावर संकेतस्थळ पाहून समाधान मानू नये. गावातीलच एका व्यक्तीच्या हाती कमी किमतीचा मोबाइल द्यावा, तिला कार्यालयाबाहेर उभे करावे आणि एक अर्ज कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करावयास सांगावे. ती जेथे अडेल तेथे दुरुस्ती करावी आणि मगच देयक मंजूर करावे.

महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु अर्जच मोबाइलवर उघडला नाही, तर मुदत मोजण्यास आरंभच होत नाही. शेतमजुराची एका दिवसाची मजुरी तालुक्याच्या खेपेत बुडते आणि वर मध्यस्थाला पैसे द्यावे लागतात. पडद्याच्या रुंदीचा हा प्रश्न अखेरीस त्या मजुरीचा प्रश्न आहे, याचे भान रचना ठरविणाऱ्यांनी ठेवावयास हवे.