बारगिरांची पागा



तरुणांनी अश्वारोहण शिकावे असा विषय निघाला की, ‘घोडा आणावा कोठून आणि त्याला चंदी घालावी कोणी’ हा प्रश्न पालकांच्या मुखातून प्रथम बाहेर पडतो. घोडदळाच्या बळावर ज्या प्रांताचा इतिहास घडला, तेथे या प्रश्नापाशीच बोलणे खुंटावे याचे मला मनापासून दुःख होते; कारण त्याचे उत्तर आपल्याच पूर्वजांनी देऊन ठेवले आहे.

शिवछत्रपतींच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतील घोडा ज्याच्या हवाली होई तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, असा बंदोबस्त सभासदाच्या बखरीत नमूद आहे. दारी घोडा बांधण्याची ज्याची ऐपत नव्हती, त्या शेतकऱ्याच्या पोरालाही पक्की मांड बसविता आली ती या व्यवस्थेमुळे. माझे मागणे एवढेच की, शिक्षणसंस्थांनी व नगरपालिकांनी अशी पागा पुन्हा उभारावी. नाशिकला डॉ. मुंजे यांनी १९३७ साली स्थापिलेल्या भोसला सैनिकी शाळेत अश्वारोहण शिकविले जाते; तालुक्याच्या गावी दहा घोड्यांपासून आरंभ झाला तरी पुष्कळ. जनावरांचा तुटवडा नाही: भीमेच्या खोऱ्यातील काटक भीमथडी तट्टू आपल्या घरचेच आहे, आणि दत्तजयंतीस सारंगखेड्याला तापीकाठी भरणारा घोडेबाजार ज्याने पाहिला त्याला याविषयी अधिक सांगणे नको.

मुलींना या विद्येपासून दूर ठेवणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात स्त्रीपुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. १९५२ साली हेलसिंकी येथे, पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी, इतरांच्या साहाय्याने घोड्यावर चढून, पुरुष स्वारांच्या बरोबरीने रौप्यपदक मिळविले. जनावराशी संधान जुळले की देहाचे बळ किती गौण ठरते!

म्हणूनच माझ्या मते शिक्षणाचा प्रारंभ खोगिरावर नव्हे, ठाणावर व्हावा. घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. तेव्हा त्याच्या खांद्याच्या रोखाने, हलक्या आवाजात बोलत जवळ जावे, हे मुलाने पहिल्या दिवशी शिकावे. मग खरारा करावा, खूर उचलून त्यातील खडे काढावेत, तोबरा चढवावा, पाणी दाखवावे. आणि हे सारे शिकविण्यासाठी ज्याचे आयुष्य पागेत गेले अशा एखाद्या वृद्ध मोतद्दाराला, शिक्षकाचा दर्जा व शिक्षकाचेच वेतन देऊन, सन्मानाने नेमावे. रिकिबीत पाय ठेवण्यास महिना लागला तरी हरकत नाही. तोवर मुलाची चाहूल लागताच घोडा कान टवकारू लागलेला असेल.