मुलाच्या दिवसात मोकळे तास किती?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या प्राथमिक शाळांच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यासाठी संयोजकांनी मला विषय दिला तो असा : लहान मुलांना शाळेव्यतिरिक्त किती छंदवर्गांना घालावे? विषय ऐकून मी थोडा चपापलो. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, बालमानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोचविणे हे माझे काम. परंतु या प्रश्नात मी स्वतः चांगलाच चुकलेला एक पालक आहे, आणि तेवढ्या एका अधिकारावर आपल्यासमोर उभा आहे.

आमच्या लहानपणी शाळा सुटली की दप्तर कोनाड्यात पडे आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही कोठे आहोत याची घरी फारशी चौकशी होत नसे. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, आणि काहीच नसेल तर कोणाच्या तरी परड्यातील चिंचा. मात्र त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी येथे आलेलो नाही. त्या मोकळेपणात कित्येकांचा गळा आणि कित्येकांचा हात वाया गेला, हेही मी पाहिले आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा भजनात असा गात असे की, मोठी माणसे थबकून ऐकत. गावात त्याला सा लावून देणारा कोणी नव्हता. आज तो गात नाही. तेव्हा आपल्या मुलाला शिकविणारे कोणी तरी मिळावे ही आजच्या आईबापांची धडपड मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

आपण बहुतेक सारे हा प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवितो. प्रथम वर्ग निवडतो आणि मग मुलाचा दिवस त्यांत बसवितो. माझी सूचना अशी की, प्रथम दिवस मोजावा.

दुसरीतील सात वर्षांचे मूल घेऊ या. त्याची झोप दहा तासांची धरू. अमेरिकेतील निद्राविज्ञान अकादमीने २०१६ साली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ ते १२ तास झोप आवश्यक असल्याचे सांगितले. आपल्या आज्यांना ते कोणत्याही अकादमीवाचून ठाऊक होते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता अथवा त्यानंतर भरविण्याच्या सूचना दिल्या, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. तर झोपेचे दहा तास गेले, उरले चौदा. शाळेचे सहा, जाण्यायेण्याचा एक. आंघोळ, जेवणखाण, कपडे, आवराआवर यांचे अडीच. ज्यांच्या घरी सावकाश जेवणारे मूल आहे त्यांनी अधिक धरावेत. गृहपाठाचा एक. हातात राहिले साडेतीन तास. एका तासाच्या वर्गाला जाऊन येण्यासह दीड तास लागतो. एक वर्ग घातला तर मुलाजवळ दोन तास शिल्लक राहतात. दोन घातले तर अर्धा तास. तिसरा घातला की आपण झोपेतून उचल घेऊ लागतो, आणि ही उचल कोणत्याही महिन्यात फिटत नाही. कागद घेऊन आपापल्या घरचा हिशेब मांडून पाहा. ज्यांची शाळा दूर आहे त्यांच्याकडे कदाचित एका वर्गाचेही तास निघणार नाहीत.

हा हिशेब मला प्रथम सुचला तो कोसबादविषयी वाचताना. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबादच्या टेकडीवर हे काम वाढले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी मुलांचा दिवस पाहिला. कोणी गुरे राखतो आहे, कोणी कडेवर धाकटे भावंड घेऊन बसले आहे. मग शाळाच अंगणात गेली. गुरे चरतात तेथे कुरणशाळा भरली. आपल्या पोटच्या मुलाच्या दिवसाकडे आपण इतक्या बारकाईने कधी पाहिले आहे काय, असा प्रश्न मला तेव्हा पडला. प्रामाणिक उत्तर नकारार्थी होते.

आता माझी गोष्ट सांगतो. माझी कन्या तिसरीत असताना तिला चार वर्ग होते. गाणे, चित्रकला, स्केटिंग आणि अबॅकस. गाणे माझ्या हौसेचे. चित्रकला तिच्या आईच्या आग्रहाची. अबॅकस कशासाठी, हे मला आजही नीटसे सांगता येणार नाही. कार्यालयातील एका सहकाऱ्याचा मुलगा जात होता, एवढेच. संध्याकाळी मी तिला स्कूटरवरून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पोचवीत असे. परतताना ती पाठीवर डोके टेकून झोपी जाई. मग मी एक हात मागे घेऊन तिला धरून ठेवी आणि एका हाताने स्कूटर चालवी. आज ते आठवले तरी अंगावर काटा येतो. पण खरे सांगायचे तर तेव्हा मला त्यात एक प्रकारची धन्यता वाटत असे. मुलीसाठी आपण किती करतो आहोत!

त्या वर्षी दिवाळीत आम्ही सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी थोरल्या बंधूंकडे गेलो. अंगणात चुलत भावंडांचा किल्ला चालला होता. ही त्यांत शिरली ती चार दिवस बाहेरच आली नाही. माती चाळावी लागते, नाही तर लिंपण फुटते, हे तिला पहिल्या दिवशी बुरूज ढासळल्यावर कळले. विटा आणि दगड रचून त्यावर भिजविलेले गोणपाट घातले की डोंगराला उतार येतो, हे दुसऱ्या दिवशी. पाण्याचे टाके वर असावे की पायथ्याशी, यावरून तिचे आणि पुतण्याचे एवढे कडाक्याचे भांडण झाले की, दोघेही जेवणाच्या पानावर एकमेकांकडे पाहीनात. अखेर टाके वर झाले, कारण वेढा पडला तर पायथ्याचे पाणी शत्रूच्या हाती जाईल, हा तिचा मुद्दा थोरल्या मुलांनी मान्य केला. उतारावर हळीव पेरले होते. ते उगवले की नाही, हे पाहण्यासाठी जी मुलगी शाळेसाठी सातला उठत नसे ती पहाटे उठून अंगणात जाऊन बसे. या चार दिवसांत तिला कोणी शिकविले नाही, कोणी गुण दिले नाहीत, कोणी प्रमाणपत्र दिले नाही. आता शहरांत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि बाजारात तयार किल्लेही मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तयार किल्ल्यात भांडायला जागा नसते.

घरी परतल्यावर तिने विचारले, "बाबा, आपल्या गॅलरीत किल्ला कधी करायचा?" मी भिंतीवरचे वेळापत्रक पाहिले. त्यात सोमवार ते रविवार एकही रिकामा चौकोन नव्हता. वेळापत्रक माझ्याच हस्ताक्षरात होते.

मुलांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली जो करार संमत केला आणि जो भारताने १९९२ साली स्वीकारला, त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून नमूद आहेत. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावर बोट ठेवले. ही ओझी शासन आणि शाळा यांनी कमी करावीत, अशी मागणी आपण करतो आणि ती रास्तच आहे. शाळा सुटल्यानंतरचे ओझे मात्र आपण स्वतः पैसे मोजून आणतो.

आता माझ्यासमोरील काही भगिनींच्या मनात काय आले असेल, ते मी ओळखू शकतो. मेळाव्यापूर्वी चहाच्या वेळी एका ताईंनी ते बोलूनही दाखविले. त्या म्हणाल्या, "साहेब, आम्ही दोघेही नोकरीवर. शाळा दुपारी सुटते, आम्ही सातला घरी येतो. घरात सासूबाई नाहीत, इमारतीला अंगण नाही. मुलगा वर्गात असला म्हणजे निदान सुरक्षित असतो." हे म्हणणे अगदी खरे आहे आणि त्याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. इमारतीच्या तळाला गाड्या, भिंतीवर 'येथे खेळू नये' अशी पाटी, आणि शाळा सुटताच शाळेच्या मैदानाला कुलूप, अशा गावात मूल खेळणार तरी कोठे? या ताईंना मी एवढेच म्हणालो की, वर्ग जर सांभाळासाठी असेल तर तो सांभाळ म्हणूनच निवडावा. जेथे मुलांना धावायला जागा आहे, गटाने काही तरी करता येते आणि वर्षाअखेर परीक्षा नाही, असे ठिकाण पाहावे. आणि कुलूप उघडण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीत बसणारे आपणच पालक करू शकतो. संध्याकाळी दोन तास मैदान उघडे ठेवणे आणि पाळीने एकेका पालकाने तेथे बसणे, याला कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. आपण येथे तीन वर्ग की दोन, याचा काथ्याकूट करीत असताना, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांपुढे हा आकडा शून्य आहे. त्यांच्या दिवसात मोकळे तास आहेत असेही नाही. ते तास पाणी भरण्यात आणि भावंडे सांभाळण्यात जातात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तीतून अंगणवाडी गावोगावी पोचली. पण अंगणवाडीतून पहिलीत गेलेल्या मुलाच्या हाती रंगाची पेटी वा ढोलकी शाळेतच पडली पाहिजे, कारण बाहेर ती पडणार नाही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, वेळापत्रकातील कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांच्या तासिका गणिताला उसन्या देऊ नयेत. या तासिका चांगल्या चालल्या तर आपल्यापैकी अनेकांना बाहेरचा वर्ग शोधण्याची गरजही उरणार नाही.

आकडा सांगा, असा आग्रह संयोजकांनी धरला आहे, म्हणून माझा आडाखा सांगतो. तो शास्त्र म्हणून घेऊ नये. सहा वर्षांपर्यंत बालवाडीखेरीज काही नको. पुढे चौथीपर्यंत एका वेळी एकच वर्ग, तोही आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि रविवार कोणाचाही नाही. पाचवीनंतर मुलाने मागितला तर दुसरा. दोन्ही बसून करावयाचे नसावेत. पोहण्यासारखी गोष्ट उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून संपविता येते, ती वर्षभर वाहण्याचे कारण नाही. आणि मूल एक दिवस रडले म्हणून वर्ग सोडू नये, तसेच वर्षाची फी भरली म्हणून ओढीतही नेऊ नये. शक्य तेथे फी महिन्याची अथवा सत्राची भरावी. सत्र संपले की विचारावे आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्यावे.

हे शेवटचे वाक्य बोलायला सोपे आहे. आमच्या घरी अबॅकस आणि चित्रकला दिवाळीनंतर लगेच बंद झाली. उरलेल्या दोहोंपैकी एक निवड, असे मी मुलीला सांगितले आणि मनाशी गाणे धरून बसलो. मला स्वतःला तरुणपणी गाणे शिकायचे होते, ते राहून गेले. पेटीही मी तिच्यासाठी म्हणून, पण खरे तर माझ्याच हौसेने आणली होती. तिने क्षणभरही विचार न करता स्केटिंग ठेवले. पेटी काही दिवस तशीच कोपऱ्यात होती. अलीकडे रात्री जेवणानंतर मीच ती काढतो आणि चाचपडत सूर शोधतो. ती शेजारी बसून कधी ऐकते, कधी उठून जाते. स्केटिंगची फी मार्चपर्यंत भरलेली आहे. एप्रिलमध्ये तिला पुन्हा विचारणार आहे.