टोचलेली किती, वाचलेली किती

 लशीमुळे गरीब मुलखातली लेकरे खरोखर किती वाचतात, हा प्रश्न या परिषदेत, वर्ध्यात विचारला जातोय, याचा स्वागत समितीला विशेष आनंद आहे.

1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. देवीच्या लशीला त्यांचा विरोध होता, आणि ते लपवायचे काही कारण नाही. त्यांच्याच सहवासात घडलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली इथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. शंका घेणाऱ्याला दटावून भागत नाही. त्याच्याच गावातला आकडा त्याच्यापुढे ठेवावा लागतो.

ही मोजणी सुरू होते लसीकरणाच्या कार्डापासून. आई ट्रंकेच्या तळातून पिशवीत जपलेले कार्ड काढते. तारखांची शाई पुसटलेली. कार्ड नसेल तर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधायचा. 30 वस्त्या, प्रत्येकीत 7 मुले, ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी रीत. तिच्यातून टोचलेली किती ते कळते. त्यातली आजारातून सुटली किती, ते कार्डावर नसते.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचेच घ्या. त्यावरच्या, भारतात तयार झालेल्या रोटावॅक लशीची चाचणी पुण्याजवळचे वढू, दिल्ली आणि वेल्लोर इथल्या सुमारे 6,800 बाळांवर झाली. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून पहिल्या वर्षी संरक्षण मिळाले 56 टक्के. ते इतके कमी का, तर कुपोषण, आतड्यातले इतर जंतू, आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये अशी कारणे सांगितली जातात.

मग निम्म्यावर चालणाऱ्या लशीवर पैसा का घालावा?

याचे उत्तर आफ्रिकेतून आले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच एका लशीने दक्षिण आफ्रिकेत 77 टक्के संरक्षण दिले, मलावीत अवघे 49. तरीही दर 100 बाळांमागे वर्षाला तीव्र जुलाब टळले ते मलावीत 6.7 आणि दक्षिण आफ्रिकेत 4.2. मलावीत आजारच इतका, की उण्या टक्क्यांतही अधिक लेकरे वाचली. केवळ टक्केवारीवर लस नाकारणे हा गरिबांच्या मुलांवर अन्याय आहे, असे समितीचे ठाम मत आहे.

उद्या सकाळी प्रतिनिधी गावांत जातील. वैशाखात इथे पारा 45 अंशांवर जातो, म्हणून लशीच्या बाटलीवरचा, उष्णतेने गडद होत जाणारा छोटा चौकोन जवळून पाहावा. तो भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरायची. आणि नर्सताईंना आवर्जून विचारावे, गेल्या वर्षी या गावातली किती बाळे जुलाबाने दवाखान्यात न्यावी लागली.