काळ्या शाईतले चेहरे

रेडिओवरून चित्रं दाखवता येत नाहीत. पण आज ज्या चित्रांविषयी आम्ही सांगणार आहोत, ती इतकी साधी आहेत की ऐकूनही डोळ्यांसमोर उभी राहतील.

मार्जान सात्रापी मूळच्या इराणच्या. आपल्या लहानपणाची गोष्ट त्यांनी 'पर्सेपोलिस' या चित्रकथेत सांगितली. फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात तिचे चार भाग निघाले. त्यात रंग नाही, करडी छटाही नाही. फक्त गडद काळं आणि कोरं पांढरं.

सुरुवातीलाच वर्गाचा फोटो आहे. साल १९८०, शाळेत हिजाब नुकताच सक्तीचा झालेला. चार मुली, चौघींच्या डोक्यावर सारखंच काळं कापड. मग वेगळं काय? कपाळावरची बट, भुवईचा बाक, ओठांची मुरड. तेवढ्या रेघांनी प्रत्येकीचा स्वभाव कळतो. मार्जान स्वतः मात्र चौकटीच्या कडेला कापली गेलेली!

पुढे इराण-इराक युद्ध येतं. मिसरूडही न फुटलेली मुलं सुरुंगांवर पाठवली जातात. त्यांना चेहरेच काढलेले नाहीत. स्फोटात उडणाऱ्या नुसत्या काळ्या आकृत्या आणि गळ्यात स्वर्गाची म्हणून दिलेली किल्ली. त्याच पानावर खाली, पार्टीत तशाच हातपाय उडवत नाचणारी मार्जानची मित्रमंडळी. यांना चेहरे आहेत. काळजात चर्र होतं.

शाई तीच. एका पानावर तिनं चेहरे जपले, दुसऱ्यावर हिरावलेले दाखवले.

घरी लेकीच्या वर्गाचा फोटो असेल, तर आज एकेकीच्या भुवया निरखून बघा.